कनातीच्या आतला लाडू

कुस्त्यांच्या फडात जे खायला मिळते त्याविषयी माझे मत वाईट आहे, आणि ते ऐकीव नाही. ठाण्यापासून कल्याणच्या पलीकडपर्यंत जिथे जिथे जत्रेला कुस्त्या लागतात, तिथे मी जाऊन पाहिले आहे. कनातीच्या बाहेर पैशाला सहा केळी मिळतात. आत पैशाला एक, आणि तेही काळे पडलेले. भजी सकाळी तळतात, दुपारी तीच पुन्हा तळतात आणि संध्याकाळी उरलेली तिसऱ्यांदा कढईत जातात. एकदा दोन पैशांचे फुटाणे घेऊन मी ते धोतराच्या सोग्यावर पसरून मोजले. एकशे बारा फुटाणे आणि नऊ खडे. दुकानदाराला दाखवले, तर तो म्हणाला, "खडे वजनात धरले नाहीत." मी पुन्हा वजन करायला लावले. धरले होते.

पण सर्वांत महाग खाणे मी एका महाशिवरात्रीला खाल्ले.

माझे मामा घाटावरचे. वय सत्तरीचे. त्यांच्या गावचा पैलवान कल्याणच्या बाजूला एका जत्रेत शेवटच्या जोडीत उतरणार असे कळले, म्हणून ते दोन दिवस आधीच ठाण्याला माझ्याकडे येऊन राहिले. मामांची शिवरात्र साधी नव्हती. त्यांचा एकुलता मुलगा लहानपणी पटकीने हातचा जात होता. तेव्हा त्यांनी नवस केला, की पोर वाचले तर मी जगेन तोवर शिवरात्रीला धान्याचा कण तोंडात घालणार नाही. पोर वाचले. आता ते दोन मुलांचा बाप आहे. अडतीस वर्षे मामांनी तो नेम पाळला होता, आणि मुलाचा जीव त्या नेमावर उभा आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. मीही त्या दिवशी उपवास करीत असे, पण तो घरच्या वळणाने.

बायकोने उकडलेली रताळी आणि खजूर बांधून दिला होता. कनातीच्या दाराशी माणशी दोन आणे घेऊन एका दांडग्या माणसाने आमच्या गाठोड्यावर बोट ठेवले.

"हे आत न्यायचं नाही."

"का बरं?"

"आतली दुकानं भाडं भरून बसलीत. तुम्ही घरचं खाल्लंत तर त्यांनी काय माशा माराव्या?"

"अरे, उपवासाचं आहे," मामा म्हणाले.

"आत उपवासाचंही आहे, आजोबा. देवाची सगळी सोय केलीय मालकानं."

गाठोडे तिथेच इतरांच्या गाठोड्यांच्या ढिगावर पडले. आम्ही पाच पावले गेलो नाही तोच एक कुत्रे त्या ढिगाशी आले. बाहेर जाऊन परत यायचे तर पुन्हा दोन आणे, आणि जागा गेली ती गेलीच.

उन्हात तीन तास झाले. पाण्याच्या पिंपाशी एक भटजी पळीने पाणी वाढत होता. पेल्याला पैसा. मी म्हटले, "पाण्याला पैसे?" तो म्हणाला, "पाणी फुकट आहे. पैसा मी वाढतो त्याचा." आम्ही दोन पेले घेतले. पाणी कोमट होते.

चारच्या सुमारास मामा खाली मान घालून बसले. सकाळच्या पेलाभर दुधावर सत्तरीचा माणूस किती तग धरणार? "घरी जाऊ या," मी म्हणालो.

"वेडा की काय? दोन जोड्या राहिल्यात."

मी उठून राजगिऱ्याचे दोन लाडू आणले. बाजारात असले लाडू पैशाला दोन. इथे एकाला एक आणा, म्हणजे आठपट. मामांनी आपला लाडू चार घासांत संपवला आणि मांडी सावरून ताठ बसले. मला विकतचा जिन्नस फोडून पाहिल्याशिवाय खाववत नाही. मी माझा लाडू फोडला. राजगिऱ्यात जोंधळ्याच्या लाह्या चुरून घातल्या होत्या. सात तर चुरायच्याही राहिल्या होत्या.

मी फोडलेला लाडू मुठीत घेऊन दुकानदाराकडे गेलो.

"हा जोंधळा आहे."

"एखादा दाणा उडतो हो."

"सात आहेत."

"मग साताचे वेगळे पैसे घेतले का तुमच्याकडून?"

"लोक उपवासाचं म्हणून खाताहेत!"

त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. "हळू बोला. तुमच्या म्हाताऱ्यानं खाल्लाय ना? त्याला ऐकू जाईल."

त्या माणसाला मी आजवर क्षमा केलेली नाही. चोरी केली ती केली, वर मलाच तिच्यावर पांघरूण घालायला लावले. भोवती आणखी दहाबारा माणसे तेच लाडू खात होती, आणि मी, जो फुटाण्यांतले खडे मोजतो, एक अक्षर न बोलता परत फिरलो.

"कुठं गेला होतास?" मामांनी विचारले. त्यांची नजर माझ्या मुठीवर गेली. "अरे, खाल्ला नाहीस? लाडवात काही निघालं काय?"

त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"काही नाही मामा. गूळ कडक आहे."

"मग खा की."

"भूक मेली."

"सकाळपासून तूही उपाशी आहेस. खरं सांग, काय निघालं?"

शेवटची जोडी आखाड्यात उतरली होती. त्यांच्या गावच्या पैलवानाने माती उचलून कपाळाला लावली. लोक ओरडत होते. मामा मात्र माझ्याकडेच पाहत होते.

मी लाडू तोंडात टाकला. जोंधळ्याची लाही दाताला लगेच कळते. मी ती सावकाश चावली आणि गिळली.

"कसा आहे?"

"वाईट," मी म्हणालो. "आण्याच्या मानाने फारच वाईट."

मामा हसले. "तुझं आपलं नेहमीचंच!" असे म्हणून त्यांनी आखाड्याकडे तोंड फिरवले आणि गावच्या गड्याला मोठ्याने हाक दिली. मुठीत राहिलेला चुराही मी खाऊन टाकला.