न जोडलेलं परिशिष्ट

प्रौढ शिक्षण विभागाच्या दारावरची पाटी माझ्या नोकरीच्या काळात दोनदा बदलली. आधी 'प्रौढ शिक्षण व विस्तार' होती, मग 'निरंतर शिक्षण' झाली, आणि शेवटच्या खेपेस शेजारचे दोन विभाग त्यात कोंबून 'स्कूल ऑफ लाइफलाँग लर्निंग अँड सोशल इनोव्हेशन'. शिकवणारी माणसं तीच, गळणारा नळ तोच. हा शेवटचा बदल झाला तेव्हा मी विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागात अधीक्षक होते. त्याचे सगळे कागद माझ्या टेबलावरून गेले, त्यामुळे माझा यात हात नव्हता असं मी म्हणणार नाही.

नवा अभ्यासक्रम कसा जन्माला येतो याबद्दल बाहेरच्या लोकांच्या फार थोर कल्पना असतात. प्रत्यक्षात कुणीतरी प्राध्यापक परिषदेहून परततो, येताना एक कापडी पिशवी आणि दोन इंग्रजी शब्द घेऊन येतो. महिनाभरात ते शब्द प्रस्तावात येतात, वर्षभरात पाटीवर. बंद करायची रीत याहून सभ्य. आधी निवृत्त शिक्षकाची जागा भरायची नाही, मग जाहिरात द्यायची नाही, आणि मग विद्यार्थीच येत नाहीत म्हणून हळहळायचं. 'बंद केला' असं कुणी लिहीत नाही. 'विलीन' लिहितात.

अभ्यासक्रमांबाबत शेवटचा शब्द विद्या परिषदेचा. या परिषदेची बैठक गुरुवारी असे आणि तिचं इतिवृत्त मी सोमवारी टाइप करत असे. 'सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर' हे शब्द चर्चेच्या तीन दिवस आधी कागदावर तयार असत. कुणी खरंच काही बोललंच, तर नंतर एखादी ओळ बदलायची. तशी वेळ क्वचितच आली. याची कुणाला लाज नव्हती. उलट बुधवारी इतिवृत्त तयार नसलं की कुलसचिव विचारायचे, "बाई, अजून झालं नाही?"

विलीनीकरणाच्या ठरावात लिहिलं होतं की जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेले पेपर द्यायला तीन वर्षं मिळतील, आणि कोणत्या जुन्या पेपरऐवजी कोणता नवा द्यायचा ते 'सोबत जोडलेल्या परिशिष्ट क प्रमाणे' ठरेल. तो तक्ता नव्या स्कूलच्या संचालकांनी द्यायचा होता.

"सर, परिशिष्ट?"

"अहो, तुम्ही ठराव टाइप करून टाका तोवर. उद्या पाठवतो."

उद्याही आला नाही, परवाही नाही. गुरुवारी ठराव एकमताने मंजूर झाला. एवढ्या विद्वान मंडळींनी नसलेल्या कागदाला मान्यता दिली, कारण शेवटचं पान कुणी उलटलंच नाही. मी फाइलीवर पेन्सिलीने 'परि. क येणे' असं लिहिलं, संचालकांना दोन स्मरणपत्रं पाठवली आणि गप्प बसले. ठरावच अडवायला हवा होता. नाही अडवला.

तीन वर्षं संपत आली तेव्हा एका शुक्रवारी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिशीची, मूळची यवतमाळकडची, हडपसरला राहणारी. एका संस्थेत कामगार बायकांना लिहा-वाचायला शिकवत होती. बाळंतपणामुळे तिचा एम. ए.चा एक पेपर राहिला होता. संस्था तिला कायम करणार होती, पण जूनअखेर पदवीचा कागद दाखवायचा, नाहीतर त्या जागेवर दुसरी येणार. परीक्षा शेवटच्या संधीची. फॉर्म भरायची मुदत पुढच्या शनिवारी संपत होती, आणि संगणक तिचा जुना पेपर घेत नव्हता.

"विभागवाले म्हणतात परीक्षा विभागात जा. तिथले म्हणतात तक्ता आणा. चार दिवसांपासून चकराच मारून राहिली मी, मॅडम."

"संचालकांना भेटलात?"

"भेटली ना. म्हणे, नव्या कोर्सला पहिल्यापासून ॲडमिशन घ्या, सिलॅबस छान आहे."

मी तिला बसायला सांगितलं आणि फाइल घेऊन संचालकांकडे गेले. ते नव्या खुर्चीत बसले होते. स्कूल झाल्यावर खुर्च्या आल्या होत्या.

"सर, परिशिष्ट क हवंय."

"ते मागेच मंजूर झालंय."

"मंजूर झालंय. पण ते नाहीये."

"असं कसं? मंजूर आहे म्हणजे असणारच. रेकॉर्डमध्ये नीट बघा."

"रेकॉर्ड मीच ठेवते, सर."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मग असं करा, तुम्हीच बनवा आणि तेव्हाची तारीख टाका. एका बाईसाठी किती ताणायचं?"

"मागची तारीख मी टाकणार नाही. उद्या कुणी तक्रार केली तर पदवी तिची जाईल. तुमचं काही जाणार नाही."

"मग काय, परिषदेपुढे सांगू की कागद नव्हताच?"

"खरं तेच आहे."

"बाई, तुमची पेन्शन जवळ आलीय, म्हणून जीभ सुटलीय."

पेन्शनला अजून सहा वर्षं होती. मी उठले.

जुना अभ्यासक्रम ज्यांनी बांधला त्या शिक्षिका निवृत्त होऊन कोथरूडला राहतात. शनिवारी दुपारी जुनी आणि नवी अशा दोन्ही पुस्तिका घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

"कितवं नाव हे?" त्यांनी नवी पुस्तिका लांब धरून वाचली.

"तिसरं."

"आणि या सगळ्यात कुणी विचारलं का, की साक्षरता कोण शिकवणार?"

तीन तासांत तक्ता झाला. निम्मे पेपर जुनेच होते, फक्त मथळे इंग्रजी. नेमका त्या बाईचा, प्रौढांना वाचायला शिकवण्याच्या पद्धतींचा पेपर मात्र नव्या पुस्तिकेत कुठेच नव्हता. शिक्षिकांनी त्यापुढे लिहिलं, 'समकक्ष नाही, जुन्या अभ्यासक्रमावरच परीक्षा घ्यावी', आणि खाली सही करून त्या दिवसाची तारीख घातली.

सोमवारी मी नेहमीप्रमाणे गुरुवारचं इतिवृत्त टाइप केलं. त्यात विषय नववा: 'विलीनीकरणाच्या ठरावासोबत जोडावयाचे राहिलेले परिशिष्ट क सादर, आजच्या तारखेने मंजूर.' यात काहीही लपवलेलं नव्हतं. विषयपत्रिका प्रत्येक सदस्याला गेली. ती कुणी वाचणार नाही, एवढ्याच भरवशावर मी होते.

गुरुवारी चहा झाला, बिस्किटं फिरली. कुलगुरू म्हणाले, "सगळे विषय मंजूर समजायचे?" माना हलल्या. तेवढ्यात संचालकांनी, जन्मात पहिल्यांदा, पान उलटलं.

"एक मिनिट. हे परिशिष्ट कुठून आलं?"

बैठकीत मला कुणी बोलायला सांगत नसे. मी उभी राहिले. "सर, विलीनीकरणाच्या वेळी आपण सर्वांनी एकमताने मंजूर केलं होतं, ते. तेव्हा जोडायचं राहिलं. आज जोडलंय."

कुलगुरूंनी चष्म्यावरून संचालकांकडे पाहिलं. "तुमच्याच स्कूलचं ना?"

'नाही' म्हणायचं, तर तीन वर्षांपूर्वी आपण कशाला हात वर केला होता ते सांगावं लागणार होतं. आणि बाकीच्यांनाही.

"हो. आमचंच," संचालक म्हणाले.

"मग पुढे चला."

परीक्षा विभागाने संगणकात पेपर घालायला आणखी एक दिवस खाल्ला. मी त्यांच्या काउंटरपाशी उभी राहिले तेव्हा तो शनिवारी सकाळी दिसू लागला आणि तिचा फॉर्म भरला गेला. मे महिन्यात एका वर्गात ती एकटी आणि समोर एक पर्यवेक्षक, अशी परीक्षा झाली. निकाल लागला, जूनमध्ये तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं, संस्थेने तिला कायम केलं. संचालक त्यानंतर जिन्यात माझ्याशी बोलेनासे झाले. त्यात माझं काही नुकसान नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला.

"मॅडम, संचालक सर फोटो मागून राहिले. माहितीपत्रकात छापायचा आहे म्हणे. 'स्कूलची पहिली यशस्वी विद्यार्थिनी, निकाल शंभर टक्के.' द्यावाच लागते का?"

"नियमात कुठेही नाही."

"पक्कं?"

"नियम मी टाइप केलेत."

"मग नाही देत." मागे बायकांचा गलका चालला होता. "वर्ग सुरू आहे मॅडम, ठेवते," म्हणाली आणि ठेवलाही.