बाबा बुक-कीपिंग शिकवत तेव्हा

नववीत दादा नापास झाला आणि आम्ही दोघं एकाच वर्गात आलो. दोघांनीही बुक-कीपिंग घेतलं. त्याने बाबांनी सांगितलं म्हणून, मी बाबा शिकवतील म्हणून.

बाबा लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत दिवाणजी होते. सुट्टीत दादा त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून वखारीत जायचा, गादीवर त्यांना टेकून बसायचा. मुलीचं तिथे काय काम, म्हणून मी घरी पुस्तक वाचत असे.

वखारीच्या वहीत जमा डावीकडे, नावे उजवीकडे. शाळेत नेमकं उलटं. दादा प्रत्येक खात्यात बाजू उलटवायचा. सर त्याची वही वर्गाला दाखवत, पोरं हसत. मला हसू येत नसे. ही चूक बाबांच्या जवळ बसलेल्यालाच होऊ शकत होती. माझ्या वाट्याला ती चूकही आली नव्हती.

मग बाबा रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसू लागले. शाळेची रीत त्यांनाही नवी होती, म्हणून दोघं एकाच पुस्तकावर वाकत. बाबा समासात नखाने रेघ ओढत. "थांब गा, मीबी चुकलो," म्हणत, आणि दोघं हसत सुटत. माझी उदाहरणं तोवर कधीच सुटलेली असत.

एके दिवशी मी मुद्दाम बाजू उलट्या लिहिल्या आणि वही पुढे केली.

"बाबा, मलेबी समजून नाही राहिलं."

त्यांनी पान पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले तं येते वं. काहून चुकवून राहिली? जा, आईले मदत कर."

आवाजात कौतुक होतं. रागावले असते तर तेवढा वेळ तरी बसता आलं असतं.

त्या वर्षी त्या विषयात मी पहिली आले. दादा जेमतेम पास झाला. पेढे त्याच्या नावाने वाटले गेले.

बाबांच्या तेरवीला आठवडा झाला. मी अजून माहेरीच आहे. काल संध्याकाळी दादा आपल्या मुलीला तोच विषय शिकवत होता. समासात नखाने रेघ ओढत होता, अगदी तशीच. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले.

"मलेबी सांग ना, दादा."

तो हसला. "तुले? तुले तं सारं येते वं."

त्याने पुस्तक पुन्हा मुलीकडे सरकवलं. या वेळी मी उठले नाही.