खरबुजाच्या कांड्यांविषयी खुलासा

“दाजींच्या कांड्या आक्कानं नुसत्या मन राखायला खाल्ल्या. तिला कुठं आवडत व्हत्या? कडूजहर लागायच्या! पर नवऱ्यानं केल्यात म्हणून माउली गप चोखत बसायची.”

हे विधान माझ्या मेहुण्याचे. मेहुणा म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचा धाकटा भाऊ. गंगापूरकडे त्याची मोसंबीची बाग आहे, आणि त्याचा आवाज बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज पोहोचतो. गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात, आईसक्रीमच्या टेबलापाशी उभे राहून, त्याने पंधरा-वीस पाहुण्यांना हे ऐकवले. सगळे हसले. मी चार पावलांवर होतो. कार्यात वाद नको म्हणून तेव्हा बोललो नाही. कागदावर गप्प बसण्याचे मात्र मला काही कारण दिसत नाही.

प्रश्न केवळ माझ्या पाककौशल्याचा असता तर मी तो सोडून दिला असता. पण तो उन्हाळा तिचा शेवटचा ठरला. त्या उन्हाळ्यात तिला थोडे सुख लाभले, की मला बरे वाटावे म्हणून तिने सुखाचे सोंग केले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणी मँगो कपात चमचा घालता घालता द्यावे, हे मला मान्य नाही.

आता वस्तुस्थिती. तिला मधुमेह होता आणि कुल्फीची विलक्षण आवड होती. साखर वाढल्यावर तिने कुल्फी सोडली ती कायमची. पथ्याच्या बाबतीत ती माझ्याहून कडक. डॉक्टरांनी दिवसाला एक लहान वाटी फळ मोजून खायला सांगितले होते. ती वाटी ती ओट्याशी उभ्यानेच दोन मिनिटांत संपवी आणि मग रिकाम्या वाटीकडे बघत राही. मी ते पाहत होतो. माझी सगळी नोकरी माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली. पाहिलेले सोडून द्यायची मला सवय नाही. माझ्या मनात आले की हेच वाटीभर फळ गोठवले तर फळ तेवढेच राहील, पण खायला अर्धा तास लागेल. क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून मी बर्फाच्या कांड्यांचा स्टीलचा साचा आणि लाकडी काड्यांचे एक पाकीट आणले.

पहिला घाणा मोसंबीचा होता आणि तो कडू झाला, हे मी कबूल करतो. तो कोणामुळे कडू झाला, हे मेहुणा सांगत नाही, म्हणून मला सांगावे लागते. मोसंबी त्याच्याच बागेतली, आणि त्या दिवशी तो स्वतः आमच्या पडेगावच्या घरी हजर होता. मी फळे अर्धी कापून हाताने पिळत बसलो होतो.

“दाजी, ह्या वयात गोळेवाल्याचा धंदा काढता का?”

“तू मोसंबी दिलीस, तुझे काम झाले. आता चहा पी.”

“अवो, असं पिळत बसाल तर दिवाळी येईल. मिक्सर काय शोभेला ठेवलाय?”

आणि मी अडवायच्या आत त्याने सोललेल्या फोडी बिया आणि पांढऱ्या सालीसकट मिक्सरमध्ये फिरवल्या. वर, “मुरू द्या जरा,” असे म्हणून तो रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायला लावला. टनावारी मोसंबी विकणाऱ्या या बागायतदाराने आयुष्यात रस कधी साठवला नव्हता. गाड्यावर ग्लास भरला की तो उभ्या उभ्या पिणार. बी आणि साल वाटलेला रस ठेवला की कडवट होतो, हे शहरातला कोणताही रसवाला त्याला सांगू शकला असता. मीही सांगितलेच होते.

तिने ती कांडी खाल्ली. “चांगली झालीय की,” म्हणाली आणि लागलीच तांब्याभर पाणी प्यायली. मेहुण्याची सगळी कहाणी या एका प्रसंगावर उभी आहे. ती मन राखत असे, हे त्याच्याहून मला अधिक ठाऊक आहे. मन राखताना ती नेहमी आधी “चांगलं झालंय” म्हणे आणि मग पाणी मागे. चाळीस वर्षे माझ्या हातचा चहा तिने असाच प्यायला.

त्यानंतर मी मोसंबीचा नाद सोडला आणि खरबुजाकडे वळलो. दौलताबाद रस्त्याला एक म्हातारा खरबुजाचा ढीग मांडून बसतो. मी त्याच्याकडे अगदी पिकलेले, देठाशी मऊ पडलेले फळ मागितले, तर तो मलाच समजावू लागला.

“चाचा, ये आजके आज खाने का माल है. कल फेकना पडेगा.”

“मला आजच हवे आहे.”

“मेहमान आये क्या घर में?”

“नाही. बायकोला हवे आहे.”

“तो फिर अच्छावाला लेके जाव ना!”

त्याला कोण सांगणार, की गोठलेल्या पदार्थात जिभेला गोडी कमी कळते, म्हणून ताटात जे फळ जास्त पिकलेले वाटते तेच साच्यात बरोबर उतरते. वाटीने मोजलेला गर, पुदिन्याची दोन पाने, चिमूटभर सैंधव. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी इतके तापलेले असते की साचा नळाखाली नुसता धरला तरी कांडी सुटून हातात येते.

ती पहिली खरबुजाची कांडी तिने बाहेरच्या पायरीवर बसून खाल्ली. चांगली झाली, असे म्हणाली नाही. पाणीही मागितले नाही. कांडी संपल्यावरही काडी दातांत धरून बसली, आणि मग ती काढून म्हणाली, “अहो, कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली की मी आत जायचे. आता नाही जाणार.”

हे ऐकायला मी एकटाच होतो, म्हणून मेहुणा ते पुराव्यात धरत नाही. “तुम्हाला पाहिजे तेच ऐकू येतं, दाजी,” असे तो तोंडावर म्हणतो. ठीक आहे. मी ते वाक्य बाजूला ठेवतो.

पाकिटातल्या काड्या संपत आल्या, तेव्हा मला स्वतःलाही शंका आली. ही बाई माझ्यासाठी रोज कांडी चोखत नसेल ना? मी तिला सरळ विचारले नाही. विचारून तिने खरे सांगितलेच नसते. मी एवढेच जाहीर केले की काड्या संपल्या की कांड्या बंद. साचा धुऊन माळ्यावर टाकणार. सुटकेची वाट मी तिच्यापुढे पूर्ण मोकळी ठेवली होती. तिने फक्त गप्प बसायचे होते. ती “बरं” म्हणाली, आणि मी दोन दिवस जड मनाने साचा भरत राहिलो. तिसऱ्या दिवशी शेवटची काडी वापरली.

त्याच दिवशी दुपारी मेहुणा गंगापूरहून जीपने आला. पडेगावला यायला त्याला शहरात शिरावे लागत नाही; तरी तो आधी क्रांती चौकात जाऊन उलटा आला होता, घामाने निथळत आणि चिडलेला. चपला काढण्याआधी त्याने खिशातून लाकडी काड्यांचे नवे पाकीट काढले आणि बहिणीच्या हातात देत म्हणाला, “घे बाई. सकाळपासून तीनदा फोन केलास ह्याच्यासाठी.”