आयुब वॉलमनचा पाण्याचा ग्रुप

मुरुम गावात पाण्याला वार नसतो. सहाव्या दिवशी येतं म्हणायचं, पण मोटर जळाली की आठव्या, पाईप फुटला की दहाव्या. पेठ गल्लीत ते नेमकं कधी येणार हे एकाच माणसाला ठाऊक असतं. आयुबला. त्याचं आडनाव गल्लीत कुणाला सांगता येणार नाही. आयुब वॉलमन म्हटलं की झालं.

वय बावन्न. एकोणीस वर्षं झाली, तो पाणीपुरवठ्यात रोजंदारीवर आहे. खांद्यावर लोखंडी चावी, कंबरेएवढी उंच, वर आडवी मूठ. चेंबरचं झाकण पायानंच सरकवायचं, चावी आत सोडायची आणि वॉल फिरवायचा. पेठ गल्लीचा वॉल तो साडेअकरा फेरे फिरवतो. बारा फिरवला तर खालच्या आळीला लोट जातो, अकरा फिरवला तर चढावरच्या घरांना धार करंगळीएवढी येते. हे कुठं लिहिलेलं नाही, त्याच्या मनगटात आहे.

आधी तो सायकलवरून ओरडत जायचा, "पाणी सुटलंय होऽ". मग एका थंडीत घसा बसला, तेव्हा त्याची पोरगी मेहनाज म्हणाली, "अब्बा, ग्रुप काढू की." मेहनाज उमरग्याला कॉलेजात जाते. तिनं दहा मिनिटांत 'पेठ गल्ली पाणी' असा ग्रुप काढला आणि बापाला अ‍ॅडमिन केलं. महिनाभरात गल्लीतला घरटी एक माणूस त्यात आला. पुण्या-मुंबईला गेलेलेही आले. त्यांना मुरुमच्या पाण्याशी काय करायचं, असं आयुबला वाटलं होतं. ते पुढं कळलं.

इरम्माक्काचा पोरगा सिद्धाराम चाकणला एका कारखान्यात होता. इरम्माक्का सत्तरीची, नवरा वारलेला, घरात एकटी. तिच्याकडं बटणाचा फोन, तिला फक्त उचलता येणारा. आयुबनं ग्रुपवर 'पाणी सुटलं' लिहिलं की चाकणला सिद्धारामचा फोन वाजायचा, मशीनवरून बाजूला होऊन तो आईला फोन लावायचा, "आई, नळ आलाय, भर." आईच्या दारातला नळ आईला पुण्याकडून कळायचा. गल्लीतल्या बायका यावर हसायच्या. इरम्माक्का म्हणायची, "हसा गं. तुमची पोरं घरात असून सांगत न्हाईत."

पण ग्रुप पाण्याचा राहिला नाही. पहिल्यांदा कुणीतरी महादेवाचा फोटो टाकून सुप्रभात केलं. त्याखाली आयुबनं स्वतः हात जोडले. शुक्रवारी आयुबच्या पुतण्यानं, सोहेलनं, 'जुम्मा मुबारक' टाकलं. त्याखाली अडत दुकानवाल्या महांतप्पांनी फूल टाकलं. मग रोजच देव येऊ लागले. सोमवारी पिंड, मंगळवारी तुळजाभवानी, गुरुवारी दत्त, शुक्रवारी काबा. कुणाच्या देवाला फुलं कमी पडली तर तो दुसऱ्या दिवशी तोंड फिरवून जायचा. सकाळी पन्नास देवांच्या खाली 'पाणी सुटलं' दबून जायचं आणि एखादी बाई दारात येऊन आयुबला विचारायची, "टाकलं न्हवतं व्हय?"

"टाकलं होतं, वैनी. देवांच्या खाली बघा."

आयुबला याचं काही विशेष वाटत नव्हतं. देव काय, आज ना उद्या खाली सरकतातच.

यंदाच्या पावसाळ्यात एका मंगळवारी संध्याकाळी सिद्धारामकडून एक व्हिडिओ आला. गोल जाळीची टोपी घातलेला एक माणूस पाण्याच्या टाकीच्या शिडीवर उभा राहून डब्यातली पांढरी पूड आत ओततोय. कुठलं गाव, कधीचं, काही नाही. खाली लिहिलं होतं, 'यांच्या हातचं पाणी पिण्याआधी विचार करा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.'

मेहनाजनं तो बापाला दाखवला. आयुबनं दोनदा बघितला.

"टीसीएल टाकतोय की त्यो," तो म्हणाला. "टोपी सोडली तर म्याच."

पाणी शुद्ध करायला टाकीत टीसीएल पावडर टाकतात. आयुबही टाकायचा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं म्हणून दीडपट टाकायचा, आणि मग पाण्याला वास मारायचा.

"अब्बा, तुम्ही अ‍ॅडमिन हायत. डिलीट करा."

"म्या काढलं तर म्हणतील, बघा, झोंबलं. ज्यानं टाकलंय त्यानं काढावं."

"आन् न्हाय काढलं तर?"

आयुब नमाजाआधीच्या वजूला उठला.

बुधवारी सकाळी पेठ गल्लीची पाळी होती. त्यानं साडेअकरा फेरे फिरवले आणि ग्रुपवर टाकलं, 'पाणी सुटलं. पन्नास मिनिटं.' चावी खांद्यावर टाकून तो गल्लीतून निघाला, तर नळ चालू आणि हंडे रिकामे. बायकांनी तोट्या तशाच सोडून दिल्या होत्या. पाणी गटारात चाललं होतं. महांतप्पा ओट्यावर उभे होते. ओंजळभर पाणी नाकाला लावून म्हणाले, "आयुब, वास येतोय."

"टीसीएल हाय, अप्पा. पावसाळ्यात जास्ती टाकावं लागतं."

"आधी कधी जाणवला न्हाय."

"एकोणीस वर्षं येतोय."

"न्हाय, आपलं विचारलं. राग मानू नको."

"राग कशाचा. पाणी मातुर वाया चाललंय."

पन्नास मिनिटं झाली आणि त्यानं वॉल बंद केला. दुपारी महांतप्पांसह तिघांनी पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडं अर्ज दिला. अर्जात आयुबचं नाव नव्हतं. 'नागरिकांच्या मनात शंका असल्याने कर्मचारी बदलून मिळावा' एवढंच. साहेबांनी आयुबला बोलावलं. ते माणूस वाईट नव्हते, पण भांडणाला भ्यायचे.

"चार दिवस चावी बिरूकडं दे," ते म्हणाले. "मी उद्या गल्लीत येऊन बघतो. लोकांचं म्हणणं तसंच राहिलं तर मग कायमचंच बघावं लागंल."

रोजंदारीवरच्या माणसाचं कायमचं बघणं म्हणजे काय, हे आयुबला समजत होतं. त्यानं चावी दुसऱ्या वॉलमनच्या, बिरूच्या, हातात दिली. बिरूनं ती घेतली, पण खांद्यावर घेतली नाही. भिंतीला टेकवून ठेवली.

घरी मेहनाज म्हणाली, "त्या सिद्धारामला तरी ग्रुपातून काढा."

"काढला तर इरम्माक्काला पाणी आलेलं कोण सांगणार?"

"त्याला हाय का तेवढी अक्कल, कुणाच्या ग्रुपात टाकतोय त्याची?"

"न्हायच की," आयुब म्हणाला.

गुरुवारी साहेब आले. महांतप्पांच्या ओट्यावर त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. बायका दारादारात उभ्या राहिल्या. आयुब बोलावलं म्हणून आला होता, चेंबरपाशी बसला होता. चावी नसल्यानं त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "काल पाणी कुणीकुणी भरलं न्हाय?"

पाच-सहा हात वर झाले. मग आणखी.

इरम्माक्का डोक्यावर पदर सारखा करत आली. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून ती गर्दीच्या मधोमध येऊन उभी राहते.

"काय झालंय रं? कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं, आक्का," शेजारची एकजण तिच्या कानाशी ओरडली. "काल पाणी भरलं का तुमी?"

"हौदु, भरलं की," ती म्हणाली. रेटून होय म्हणायचं झालं की तिच्या तोंडी कानडी येतं. "हंडे भरले, घागर भरली, पिंप भरलं. सिद्धारामचा फोन आला ना. म्हणला, आई, पाणी आलंय, सगळं भर, परत आठ दिवस यायचं न्हाय."

"कुणाचा फोन?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या पोराचा. मला एकच हाय."

महांतप्पांनी खिशातून फोन काढला. बोटानं वर सरकवत गेले, देव ओलांडत, व्हिडिओपाशी थांबले. वर नाव बघितलं. फोन परत खिशात घातला. पण मागं उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेनं, भैरवीनं, नाव वाचलं होतं.

"मामंजी, ह्यो सिद्धारामभावजीनंच टाकलाय की."

बायकांनी आपापले फोन काढून बघितले. मग एक बाई म्हणाली, "म्हंजी टाकणाऱ्याची आई पाणी पितीय, आन् आमी गटारात सोडलं?"

"आन् आता आठ दिवस काय करायचं? अर्ज प्यायचा व्हय?"

"अप्पांच्या बोअरला हाय पाणी. अप्पा देतील की."

"बोअर आटलंय," महांतप्पा म्हणाले.

इरम्माक्काला यातलं निम्मं ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "वास येतोय थोडा. रातभर उघडं ठेवलं की जातोय. आयुबनं मागंच सांगितलंय मला."

साहेबांनी चहा संपवला. अर्ज त्यांच्या वहीत होता. त्यांनी वही उघडली नाही. "आयुब," ते म्हणाले, "टाकीत आहे का? वीस मिनिटं सोडता येईल?"

"टाकीत हाय. चावी बिरूकडं हाय."

बिरूला फोन लावला. तो मोटारसायकलवर चावी आडवी धरून आला. आयुबनं चेंबर उघडलं. पाणी सुटलं तेव्हा पहिला हंडा भैरवीनं लावला, आणि सासऱ्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी सिद्धारामचा फोन आला. गल्लीतून कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"मामा, म्या बघितला पण न्हवता त्यो व्हिडिओ. एकदम अकरा ग्रुपला टाकतो. तुमचा ग्रुप त्यात हाय हे ध्यानातच आलं न्हाय. आत्ताच काढला."

"बरं."

"मला ग्रुपातून काढू नका. आईचं पाणी..."

"काढत न्हाय," आयुब म्हणाला. "पण एक करायचं. इथून पुढं माझ्या ग्रुपात कायबी टाकायचं असलं, तर आधी आईला फोन लावायचा. तिला वाचून दाखवायचं. ती म्हणली टाक, तर टाक."

"मामा, तिला ऐकू येत न्हाय."

"मोठ्यानं वाच."

सिद्धाराम हसला. आयुब हसला नाही, तेव्हा तो हो म्हणाला.

त्यानंतर आयुबला साहेबांनी पेठ गल्लीवरून हलवलं नाही. महांतप्पा त्याच्याशी पहिल्यापेक्षा जरा जास्तच बोलतात. ते आयुबला तितकंसं आवडत नाही. ग्रुपवर देव येतातच. सिद्धारामचं मात्र कमी झालं, आणि जे येतं ते बसवण्णाचं नाहीतर तुळजाभवानीचं, चार ओळींचं.

मागच्या पाळीला आयुब चढावरून खाली येत होता, तर इरम्माक्कानं त्याला दारात थांबवलं.

"आयुब, त्या पोराला सांग जरा. सकाळ झाली की फोन. काय काय वाचतोय. परवा कुठल्या गावच्या कुणीतरी कुणाला मारलं म्हणून वाचत होता. म्या म्हणलं, तू त्यांना वळखतोस का? न्हाय म्हणला. मग म्हणलं, ठेव फोन. चुलीवर दूध होतं माझं. सगळं उतू गेलं."

"सांगतो, आक्का," आयुब म्हणाला.

त्यानं सांगितलं नाही.