पंगत अडवून बसणारे नंदोई

अख्ख्या बुऱ्हाणपुरात जेवता येणारा माणूस एकच, तो म्हणजे माझे नंदोई. बाकी आपण सगळे नुसते गिळतो. हे माझं नाही, त्यांचंच म्हणणं, आणि नणंदेच्या नवऱ्याचं म्हणणं खोडायची आमच्याकडे कोणाची टाप नाही.

शाळेत विज्ञान शिकवता शिकवता एन्झाइम त्यांच्या अंगातच आलं. मला चौथी पास बाईला त्यांनी पोळ्या लाटताना शिकवलं, की वहिनी, एन्झाइम म्हणजे पोटातली किल्ली. पिठाच्या कुलपाला एक, डाळीच्या कुलपाला दुसरी, तुपाच्या कुलपाला तिसरी. कुलूप उघडतं अन् किल्ली झिजत नाही, पुढच्या घासाला तयार. पहिली किल्ली लाळेत, म्हणून भाकरी गोड लागेस्तोवर चावायची. आता आमच्याकडे शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय पंगत उठत नाही. बहादरपूरच्या लग्नात सगळ्यांचे हात वाळले, दुसरी पंगत दारात खोळंबली, तरी हे आपले चावताहेत. शेजारचे व्याही म्हणाले, "गुरुजी, चलो भी अब." ह्यांनी खिशातून आयोडीनची बाटली काढली आणि व्याह्यांच्या ताटात उरलेल्या भातावर थेंब टाकला. भात निळाकाळा. "निळं म्हणजे पिठाचं कुलूप बंदच. हेच तुम्ही न चावता आत ढकललंत," म्हणाले. विष विष करत अर्धी पंगत उठली. हे मात्र बसलेले.

गेल्या वर्षी त्यांचं स्वादुपिंडच बसलं. डॉक्टर म्हणाले, पाचक रस आटला, आता दर जेवणाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल घ्या. ऐकतील तर नंदोई कसले? जन्मभर चूर्णवाल्यांची टर उडवलेली. "दुसऱ्याच्या किल्लीनं माझं घर उघडायचं नाही," म्हणून अडून बसले. खाल्लेलं अंगी लागेना. तीन महिन्यांत सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला, आणि नणंद पदराआड रडायला.

मग मीच गेले इतवाऱ्यात त्यांच्या घरी. तांदळाची पातळ कांजी कोमट करून दोन वाट्यांत ओतली. एका वाटीत त्यांची कॅप्सूल फोडून, आतले दाणे चुरडून टाकले. तासभर गप्प बसले, जे मला जन्मात जमलं नाही. मग दोन्हींत त्यांच्याच आयोडीनच्या बाटलीतले थेंब. एक वाटी निळीकाळी, दुसरी पिवळसरच राहिली.

"निळी वाटी म्हणजे तुमचं पोट, भाऊजी," मी म्हटलं. "आता सांगा, किल्ली कोणाची, हे कुलूप विचारतं का?"

त्यांनी दोन्ही वाट्या उचलून उजेडात धरल्या. "तासभर थांबलात? घाई नाही केली?"

"नाही."

"मग प्रयोग बरोबर आहे," म्हणाले आणि नणंदेकडे कॅप्सूलसाठी हात पुढे केला.

हल्ली पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल असते. सदरा अजून ढिलाच आहे, भूकही चिमणीएवढी. पूर्वी पंगतीत मी मनातल्या मनात म्हणायचे, आवरा एकदाचं. आता एकेक घास मोजते, आणि तो शेवटचा नसावा असं वाटतं. परवा जसोंडीच्या लग्नात हे चावत होते आणि वाढपी माझ्याजवळ येऊन म्हणाला, काकी, उठो ना, लोग खडे हैं.

"पंगत अजून जेवतेय," मी म्हटलं, आणि वाळल्या हातानं पानावर बसून राहिले.