जावेच्या नराची कात

खोटं कशाला बोलू, पायथन, म्हणजे परदेशी अजगर, पाळायचं खूळ आमच्या घरात आणलं मी. सरकारी कागद केले, भाईंदरच्या फ्लॅटमध्ये एक नर, दोन माद्या ठेवल्या. माझं बघून शांती नगरच्या धाकट्या जावेने आणले, आणि पहिल्याच हंगामात जोडी जमली ती तिच्याकडे. रोज सकाळी मोबाईलवर फोटो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

माझा नर मादीच्या डब्यात सोडला की कोपऱ्यात वेटोळं घालून बसायचा. हंगामात बरेच नर खात नाहीत, तसं यानेही खाणं सोडलेलं. जाऊ म्हणाली, दर रविवारी वजन करा, दोन-तीन दिवस मादीजवळ ठेवा, मग आठवडाभर आराम द्या. मला वाटलं, हिचं झालं, आता मला मागे ठेवतेय.

मी कुठेतरी वाचलेलं, दुसऱ्या नराचा वास आला की सुस्त नर पेटतो. झालं. तिच्याकडे गेले, ती चहा टाकायला आत वळली, आणि मी तिच्या नराची ताजी कात पर्समध्ये कोंबली. मागता आली असती. पण तिच्यापुढे हात पसरायचे? माझं मेलं नाक आडवं आलं.

कात डब्यात टाकली आणि स्वारी उठलीच. इकडून तिकडे फेऱ्या, जीभ सारखी बाहेर. तिसऱ्या दिवशी जोडी जमली. लगेच जावेला फोटो पाठवला. मग आरामबिराम गुंडाळला. एका मादीकडून काढायचा, दुसरीकडे सोडायचा, असं महिनाभर. वजनकाटा पिठाच्या डब्यामागे पडून होता.

एका रविवारी नराला उचललं तर हाताला कणा लागला. कातडी सैल, मान टाकलेली. तेव्हा कुठे जावेला फोन केला. ती तशीच रिक्षाने आली. त्याला उचलताना डब्यात तळाशी पडलेली कात तिला दिसली, आणि आपल्याच नराची म्हणून तिने ती ओळखली.

"वहिनी, मागितली असती तर दिली नसती का?"

एवढंच बोलली. त्याला उशीच्या अभ्र्यात घालून डॉक्टरकडे नेलं आणि तिथून स्वतःच्या घरी.

अकरा दिवस मला धड जेवण गेलं नाही. बाराव्या दिवशी तिचा फोन आला, "वहिनी, खाल्लं त्याने." देवाशप्पथ, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण तोंडून आधी निघालं ते, "तुझ्या हातून?"