उत्तराची ताकेको

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये इंदुमतीबाईंनी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा उगारला आणि त्यांच्या लेकीने, उत्तराने, फोटो काढले. नोएडातल्या एका गेम कंपनीत उत्तरा पात्रं रचते. म्हणजे लोक ज्यांच्या जिवावर बसल्या जागी मारामाऱ्या करतात, त्यांना हातपाय देते. या खेपेला पात्र जपानी होतं. दीडशे वर्षांपूर्वी लांब दांड्याचं पातं घेऊन लढलेल्या नाकानो ताकेकोवर बेतलेलं. तिच्याबरोबरच्या बायकांनी लढाईआधी केस कापले होते, हे वाचल्यापासून उत्तराला दुसरं काही सुचत नव्हतं. ही बाई होती तशीच उतरवायची, बस.

"आई, तू पदर का खोचलास?"

"मग काय, मोकळा सोडून मारामारी करू? पायात येऊन आपटेन की!"

त्या जपानी बायका बाह्या दोरीने आवळून का घेत, ते उत्तराला तेव्हा कळलं.

तिचा टीम लीड केतन, फरीदाबादला वाढलेला मराठी माणूस, त्या फोटोंवरून तिने काढलेलं चित्र बघून म्हणाला, "अच्छा आहे यार. पण ही लढायला चाललीय की बँकेत?"

"लढायला. म्हणून तर अंगभर कपडे आहेत."

"केस लांब कर. पोट थोडं दिसू दे. तुला नसेल जमत तर आर्यनला देतो, तो मनापासून करेल."

आर्यन मनापासून काय करेल, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. उत्तराने विचार केला, आपल्या हातून झालं तर निदान बेतात होईल. मग बाह्या गेल्या. केस कमरेपर्यंत आले. पोटानंतर मांडीची पाळी आली. दरवेळी केतनशी भांडून ती दोन बोटं कापड वाचवायची आणि लढाई जिंकल्यासारखी घरी यायची. शेवटी चिलखत उरलं ते फक्त खांद्यांवर. शत्रू बिचारा तेवढ्याच जागी वार करणार असावा.

गेम लोकांसमोर आणायच्या कार्यक्रमात केतनने माइक तिच्याच हातात दिला. "तूच बोल. बाईने बनवलेली बाई, लोकांना आवडतं."

उत्तरा बोलली. स्त्रीशक्तीवर बोलली, आणि छानच बोलली. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत इंदुमतीबाई पडद्याकडे न बघता पायाखालच्या गालिच्याकडे बघत बसल्या होत्या.

मागून एक कॉलेजातली मुलगी उठली. "दीदी, वो सच में ऐसे ही लड़ती थीं?"

उत्तराने आईकडे बघायचं टाळलं.

"बिल्कुल," ती म्हणाली.

मुलगी खूश होऊन खाली बसली.